वाढदिवसाचं स्टेटस चालतं, गळकं छप्पर चालत नाही

कोकणातल्या कुठल्याही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दहा-पंधरा कर्मचाऱ्यांचे व्हॉट्सॲप स्टेटस एका दिवशी उघडून बघा. दिवस कुठलाही चालेल, कारण कुणा ना कुणा भाऊंचा, दादांचा, साहेबांचा वाढदिवस रोजच असतो. 'विकासपुरुष', 'कोकणचं खंबीर नेतृत्व', मागे हात जोडलेला फोटो, खाली फुलं. लावणाऱ्यांत ग्रामपंचायत अधिकारी असतात, कनिष्ठ अभियंते असतात, शिक्षकही असतात. अशा स्टेटसबद्दल कुणाला कारणे दाखवा नोटीस मिळाल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. आता समजा, यांच्यापैकीच एका शिक्षकाने वर्गातल्या तीन बालद्यांचा फोटो टाकला. कौलं सरकलीत, पाणी गळतंय, बालद्या ते झेलतायत, पोरं एका कोपऱ्यात सरकून बसलीत. खाली एक ओळ: 'दुरुस्तीचा प्रस्ताव दोन वर्षं पडून आहे.' संध्याकाळच्या आत केंद्रप्रमुखांचा फोन येणार. "सर, ती पोस्ट आधी काढा. वरून विचारणा झालीय."

राजकारण पहिल्या पोस्टमध्ये आहे. दुसरीत कौलं आहेत आणि पाणी आहे. तरी बडगा उगारला जातो तो दुसरीवर. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या समाजमाध्यमांवर कसं वागावं याचे नियम असू नयेत, असं मला म्हणायचं नाही. ते हवेत, आणि काही बाबतींत आजच्याहून कडक हवेत. माझी तक्रार वेगळी आहे. आजचे नियम सरकारच्या प्रतिमेला जपतात. कर्मचाऱ्याची नि:पक्षता आणि त्याच्या टेबलासमोर कागद घेऊन उभा असलेला माणूस यांना जपायचं काम त्यांच्याकडून अर्धवटच होतं.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी याविषयी सूचना काढल्या. त्या मंत्रालयापुरत्या नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळं, प्रतिनियुक्तीवरचे, करारावरचे, बाह्यस्रोतातून घेतलेले, सगळे त्यांत येतात. राज्याच्या किंवा केंद्राच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. खासगी आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवायचं. योजनांची प्रसिद्धी प्राधिकृत व्यक्तीनेच करायची. स्वतःची टिमकी वाजवायची नाही. पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, सरकारी इमारत खासगी अकाउंटवरच्या फोटोत आणि रीलमध्ये आणायची नाही. द्वेष पसरवणारा, बदनामीकारक मजकूर टाकायचा नाही. मोडलं तर शिस्तभंगाची कारवाई. याखेरीज जिल्हा परिषदेच्या माणसाला १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम आहेतच. ते झाले तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू व्हायलाही पाच वर्षं होती.

यातल्या निम्म्या गोष्टींशी माझं भांडण नाही. सरकारी गाडीतून उतरतानाचं स्लो मोशन, मागे ढोल-ताशांचं संगीत, अतिक्रमणावर बुलडोझर फिरताना कॅमेऱ्याकडे टाकलेली नजर, या रील संस्कृतीला चाप बसायलाच हवा होता. कारवाई कायद्याने झाली की रीलसाठी झाली, असा संशय यावा इतपत हा प्रकार वाढला होता.

द्वेषाच्या मजकुराबाबत तर मी सरकारच्याही पुढे जाईन. मुंबईसारख्या शहरात एका खिडकीवरचा बाबू आवडला नाही तर माणूस दुसऱ्या खिडकीवर जातो. दाभोळ, हर्णै, जयगड, श्रीवर्धन या बाजूला तशी सोय नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत खारवी, कोळी, भंडारी, कुणबी, मुसलमान, बौद्ध एकाच ग्रामपंचायतीत नांदतात आणि दाखला देणारा माणूस एकच असतो. बऱ्याचदा दोन-तीन गावांना मिळून एक. त्याने रात्री अकरा वाजता एखाद्या जमातीवर गरळ ओकणारा मजकूर पुढे ढकलला आणि त्याच जमातीतला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सकाळी रहिवासी दाखल्यासाठी त्याच्यासमोर आला, तर दाखला मिळेलही. पण तो मागताना त्या माणसाचा आवाज खाली येतो. 'फक्त फॉरवर्ड केलं होतं, मी लिहिलं नव्हतं' ही सबब दाखला देणाऱ्या माणसाच्या बाबतीत ऐकूनच घेऊ नये.

दुसरी गोष्ट लोकांच्या खासगीपणाची. गोपनीय कागद म्हणजे सरकारचा कागद, अशीच आपल्याकडे समजूत आहे. गावाच्या ग्रुपवर काय काय पडतं ते बघा: घरपट्टी थकलेल्यांची नावं, घरकुलाच्या यादीचे आधार क्रमांकासकट काढलेले फोटो, पोषण आहाराचं पाकीट हातात धरून उभी केलेली गरोदर बाई. शाळेतल्या मुलींची नाचाची रील तर रोजची. माहिती अधिकारात अर्ज टाकला की काही ठिकाणी तासाभरात त्या अर्जाचा फोटो ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्या मोबाइलवर असतो. हे करणाऱ्याने सरकारवर टीकेचा एक शब्दही लिहिलेला नसतो, म्हणून तो शिस्तीचा कर्मचारी! व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला. त्याचा अर्थ तालुक्याच्या गावी कुणी कर्मचाऱ्यांना बसवून समजावलाय का? धोरणावरच्या टीकेपेक्षा या फोटोंनी माणसांचं जास्त नुकसान होतं. पहिली नोटीस निघायची तर इथे निघावी.

आता जिथे माझं पटत नाही तिथे येतो.

स्थानिक स्वराज्य संस्थेचा कर्मचारी आणि मंत्रालयातला कक्ष अधिकारी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मंत्रालयातला माणूस धोरण लिहितो. गावातला कर्मचारी पाणी सोडतो, दिवे लावतो, डोस पाजतो, आणि घरी गेल्यावर त्याच पाण्याची वाट बघतो. कोकणात तर आणखी एक गंमत आहे. इथलं निम्मं गाव मुंबईत असतं. प्रत्येक वाडीचं मुंबई मंडळ, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्या ग्रुपवर ग्रामपंचायतीचा माणूस हौसेने किंवा नाइलाजाने घेतलेला. मे महिन्यात चाकरमानी गावी यायच्या आधी परळहून, नालासोपाऱ्याहून, दिव्याहून विचारणा सुरू होते. "भाऊ, टाकीत पाणी चढतंय का? पोरंबाळं घेऊन येतोय." जल जीवन मिशनची टाकी बांधून झालेली असते, नळ अंगणापर्यंत आलेला असतो, पाणी कधीमधी. २०१९ साली सुरू झालेल्या त्या मिशनची २०२४ ची मुदत आता २०२८ वर गेली आहे. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई ग्रुपवर लिहितो, 'मोटार जळली. रिवायंडिंगला चिपळूणला पाठवली. शुक्रवारपर्यंत पाणी नाही. विहिरीचा उपसा पण कमी झालाय, योजनेला सोर्सच धड नाय.'

शब्दावर बोट ठेवून वाचलं तर या चार वाक्यांत किती नियम मोडले? तो प्राधिकृत नाही. अकाउंट खासगी आहे. शेवटचं वाक्य तर केंद्राच्या योजनेवरची प्रतिकूल टीकाच. आणि तरीही त्या आठवड्यात गावाला मिळालेली सगळ्यात उपयोगी सरकारी माहिती तीच होती. नियम असा असावा की असं लिहिणाऱ्याच्या मनात भीती यायचं कारण उरू नये. आज ती येत नाही, कारण सरपंच, उपसरपंच आणि तो एकाच भावकीतले आहेत. ज्या दिवशी सरपंचाशी बिनसेल त्या दिवशी हाच स्क्रीनशॉट गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल. ढोबळ शब्दांचे नियम एरवी धूळ खात पडतात आणि नेमके वैराच्या वेळी बाहेर निघतात.

ग्रामसभेचंही तेच. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सदस्य. शिक्षिका, आरोग्य सेवक, नगरपंचायतीतला लिपिक हेही आपापल्या गावी मतदारच असतात. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण झालं तेव्हा आसपासच्या गावांत बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही आवाज होते. त्या गावांपैकी एखाद्या घरातली मुलगी तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका असेल, सातबाऱ्यावर तिचं नाव असेल, आंब्याची कलमं तिच्या आजोबांनी लावलेली असतील. ग्रामसभेत उभं राहून 'माझी जमीन मला द्यायची नाही' म्हणण्याचा अधिकार तिला कायद्याने आहे. तेच वाक्य तिने फेसबुकवर लिहिलं की ती 'धोरणावर टीका' करते. बरं, तिने लिहिलंच नाही, ग्रामसभेत बोलताना कुणीतरी मोबाइलवर टिपून यूट्यूबवर चढवलं तर? मग कारवाई कुणावर? प्रकल्पाच्या बाजूने तिने लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, आणि नि:पक्षता तेव्हाही तेवढीच मोडली असती. विरोधी मताला नोटीस आणि अनुकूल मताला पाठीवर थाप असा व्यवहार असेल तर त्याला आचारसंहिता म्हणू नये.

न्यायालयांनी याबाबत काही कमी सांगितलेलं नाही. बिहारमध्ये सरकारी नोकरांना संपाबरोबर निदर्शनांचीही सरसकट बंदी घालणारा नियम होता. १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली निदर्शनांवरची बंदी रद्द केली. नोकरीत शिरला म्हणून माणूस मूलभूत हक्कांना मुकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. संपाचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२० साली त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे मत्स्य विभागातल्या एका कर्मचारी बाईंचं प्रकरण आलं. एका राजकीय सभेला हजर राहिल्या आणि फेसबुकवर पोस्ट टाकली म्हणून निवृत्तीला काही दिवस उरलेले असताना त्यांना निलंबित केलं होतं. न्यायालयाने ती कारवाई मोडीत काढली. वर्तणूक नियमांची मर्यादा पाळून स्वतःचं मत बाळगण्याचा आणि मांडण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे, असं सांगितलं. पक्षाचं काम करणं एक आणि मत असणं दुसरं, हा भेद तिथे स्पष्ट आहे. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणी तो पुसला जातो.

शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ आहे. किती निधी आला, कुठे गेला, काम कुठवर आलं हे कार्यालयाने कुणी न विचारताच जाहीर करायचं असतं. जी गोष्ट फलकावर लावणं कार्यालयाचं कर्तव्य आहे, ती कर्मचाऱ्याच्या तोंडून बाहेर आली तर गुपित फुटलं असं कसं म्हणणार? शाळेचं छप्पर गळतं ही माहिती शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराकडे आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. वरिष्ठांना लेखी कळवा, चॅनेलने या. रोज उठून प्रत्येकाने आपलं गाऱ्हाणं फेसबुकवर मांडलं तर कार्यालय चालायचं कसं? मान्य. पण चॅनेल उघडं असल्याशिवाय हा सल्ला देता येत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. चॅनेलनेच केल्या होत्या. नंतर जबाबदार मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरलं म्हणत खेकड्यांकडे बोट दाखवलं, ते सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. अशा ठिकाणी एखाद्या कर्मचाऱ्याने आदल्या आठवड्यात भेगेचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला असता, तर त्याने शासनाची प्रतिमा मलिन केली असती की काही जीव वाचवले असते? जिवाच्या धोक्याची माहिती बाहेर देणाऱ्याला कुठल्याही वर्तणूक नियमाखाली हात लावता येणार नाही, हे एक वाक्य नियमांत लिहायला काय हरकत आहे, ते मला कुणी सांगावं. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ सालीच संसदेत मंजूर झाला, पण तो अंमलात आणलेलाच नाही. मग माणसाने कुणाच्या भरवशावर लिहायचं?

त्यात मार्च २०२२ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्हा परिषदांत तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते. सभागृहात उठून 'अमुक शाळेचं काय झालं' विचारणारं कुणी नव्हतं. मतदारसंघातला सदस्य नाही म्हटल्यावर गुरुजी गप्प, पालक रोजंदारीवर, आणि बालद्या तिथेच. नेमक्या याच काळात कर्मचाऱ्यांच्या तोंडाला आणखी एक कुलूप आलं.

शिक्षा कशी होते हेही सांगायला हवं, कारण नियमावली वाचून ते कळत नाही. निलंबन क्वचित. शिक्षकांच्या बदल्या हल्ली ऑनलाइन होतात, म्हणून तोही मार्ग जरा अरुंद झालाय. आता 'कामगिरीवर' काढतात. कोकणात शिक्षकांची पदं रिकामी असतातच, त्यामुळे दूरच्या एकशिक्षकी शाळेवर तात्पुरती कामगिरी लावायला कारण शोधावं लागत नाही. एसटी दिवसातून दोनदा, मधे वहाळ, साकव मोडकळीला आलेला. आदेशात पोस्टचा उल्लेखही नसतो. अपील कशावर करणार?

आणि हे खासगी-कार्यालयीन वेगळं ठेवायचं प्रकरण! कल्पना चांगली आहे. मोबाइल कुणाचा? कर्मचाऱ्याचा. रिचार्ज कुणाचा? त्याचाच. त्याच नंबरवर पंचायत समितीचा ग्रुप, बीटचा, केंद्राचा, निवडणूक कामाचा, आपत्तीचा ग्रुप. रात्री साडेदहाला 'उद्या सकाळी नऊच्या आत माहिती भरावी, अत्यंत तातडीचे', आणि निळी टिक दिसूनही उत्तर नाही म्हणून सकाळी खुलासा. भेटीचा फोटो त्याच मोबाइलवरून, लोकेशनसकट. जिल्हा परिषदेला सोयीचं असेल तेव्हा तो मोबाइल कार्यालयाचा आणि कर्मचाऱ्याने मत लिहिलं की तोही कार्यालयाचाच, तर त्याचा खासगी म्हणून उरतो कुठला? ज्यांनी वेगळ्या अकाउंटची अट घातली त्यांनी आधी वेगळी सिमकार्डं वाटावीत. सुट्टीच्या दिवशी ग्रुपवर आदेश टाकू नयेत, हेही त्याच कागदावर लिहावं.

मागे वळून पाहिलं की एक नाव आठवतं. गोपाळ हरी देशमुख हे कंपनी सरकारच्या नोकरीत असतानाच १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने लिहीत होते. त्यांचा आसूड सरकारपेक्षा आपल्याच समाजावर जास्त चालला, हे खरं आहे, त्यामुळे तुलना फार ताणत नाही. पण नोकरीत असलेल्या माणसाने जाहीर लिहिणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. आज कुणी असं टोपणनावाने लिहिलं तर सायबर सेलकडे अर्ज जाईल.

मला हवा असलेला नियम फार लांबलचक नाही. पक्षाच्या आणि नेत्याच्या बाजूने लिहिणं व विरोधात लिहिणं, दोन्हींना एकच कलम आणि एकच शिक्षा. नागरिकाची माहिती आणि फोटो त्याच्या संमतीशिवाय बाहेर गेले तर तो गंभीर गैरवर्तनात धरावा. पाणी, दिवे, रस्ता, दवाखाना, शाळा यांच्या रोजच्या सूचना देण्यासाठी ग्रामपंचायतीचा आणि नगरपंचायतीचा प्रत्येक कर्मचारी प्राधिकृत समजावा. आपल्या कामाच्या जागेची खरी, पडताळता येण्यासारखी स्थिती सांगणं ही टीका मानू नये. त्याने आधी लेखी कळवलेलं असावं आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलेलं नसावं, एवढी अट मी मान्य करीन. जिवाचा धोका असेल तिथे तीही नको. आणि पोस्टवरून कारवाई करायची तर निर्णय त्याच वरिष्ठाने घेऊ नये, ज्याच्या टेबलावर तो प्रस्ताव दोन वर्षं पडून होता. जिल्ह्यात तीन जणांची समिती असावी, त्यात एक जण प्रशासनाबाहेरचा. एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा वकील, कुणीही चालेल. समितीचा निर्णय होईपर्यंत निलंबन नाही आणि कामगिरीही नाही.

अशाने शिस्त बिघडेल म्हणणाऱ्यांनी ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाकडे बघावं. तो करारावर आहे. वर्षानुवर्षं कर्मचाऱ्याचा दर्जा मागतोय, मानधन कधी वेळेवर येतं, कधी तीन महिन्यांचं एकदम. रजेच्या वेळी, भविष्य निर्वाह निधीच्या वेळी त्याला सांगितलं जातं की तू आमचा कर्मचारी नाहीस. समाजमाध्यमांच्या सूचनांत मात्र तो नावानिशी नसला तरी 'करारावरील व बाह्यस्रोताद्वारे' म्हणून पक्का बसवलेला आहे. 'मानधन चार महिने नाही' असं त्याने स्टेटसला ठेवलं तर त्याच्यासाठी विभागीय चौकशी नाही, दोषारोपपत्र नाही, अपील नाही. ठेकेदाराचा फोन येतो की उद्यापासून नको येऊ. म्हणून त्या समितीकडे दाद मागायचा अधिकार पहिल्यांदा याला मिळाला पाहिजे, कायम कर्मचाऱ्याला त्यानंतर.